रुसलेल्याच्या घरचा चहा

सुरतेहून आलेल्या बाईला आमच्या अहिल्यानगरात पहिला प्रश्न साड्यांचा विचारतात. किती आणल्या, कुठल्या बाजारातून आणल्या, आणि आमच्यासाठी का नाही आणल्या? मी एकही साडी न आणता परत आले यावर आमच्या गल्लीत अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. शेजारची म्हणते, कपाट उघडून दाखवा. मी दाखवलं. तरीही तिला वाटतं की मी पलंगाखाली लपवल्या आहेत.

खरं सांगायचं तर मी सुरत बघायला गेलेच नव्हते. मी तोंड चुकवायला गेले होते.

आमच्या चर्चच्या मंडळीत मी एकोणतीस वर्षं पायपेटी वाजवली. शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी पेटीवर बसायचे. माझ्या उजव्या हाताला कुसुम उभी राहायची. खालचा सूर असा धरायची की छप्पर पडलं तरी तो हलला नसता. आम्ही दोघी बालवाडीपासूनच्या. गेल्या जूनमध्ये पंच कमिटीने ठराव मांडला की पायपेटीचा भाता फाटत चाललाय, तरुण मुलांना कीबोर्ड हवाय, तेव्हा आता कीबोर्ड आणावा. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर पहिला हात कुसुमचा वर गेला. पहिला! बाकीच्यांनी निदान माझ्याकडे एकदा बघितलं तरी होतं.

त्या दिवसापासून मी चर्चला गेले नाही आणि कुसुमशी बोलले नाही. रविवार आला की माझं डोकं दुखायचं आणि सोमवारी ते आपोआप थांबायचं. सात महिन्यांत मंडळीकडून मला एक पत्र आलं, जावक क्रमांक घातलेलं, 'आपली अनुपस्थिती खेदपूर्वक नोंदवण्यात आली आहे' असं. ते मी फाडलं नाही, कारण त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि त्या मला कुणाला तरी दाखवायच्या होत्या. पण दाखवायची कुणाला? असल्या गोष्टी दाखवायला मला कुसुमच लागते.

मग जानेवारीत दूधवाल्याने बातमी दिली. कुसुमचा मुलगा तिला कायमची पुण्याला नेतोय, येत्या मंगळवारी टेम्पो येणार. मी म्हटलं, जाईना का. आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

नेमका त्याच दिवशी माझ्या भाचीचा, सुवार्ताचा, सुरतेहून फोन आला. "आत्या, रविवारी आमचा कापणीचा सण आहे. पेटी आहे, वाजवणारं कुणी नाही. ये ना आठ दिवस." मी बोटांवर हिशोब केला. आठ दिवस म्हणजे मंगळवार पार पडतोय. मी लगेच हो म्हटलं. भाचीला वाटलं, आत्याचं आपल्यावर किती प्रेम!

बुधवार, नवागाम

नाशिक आणि सापुताऱ्याचा घाट बसमध्ये झोपेतच गेला. सकाळी उतरले तर रिक्षावाला माझ्या पिशवीला हात घालून म्हणाला, "बेसो मासी, बेसो बेसो." आमच्याकडचा रिक्षावाला आधी तोंड वाकडं करून आपण कुठे जाणार नाही ते सांगतो. इथे मी पत्ता सांगायच्या आधीच रिक्षा निघाली होती. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "जवानुं क्यां?" मी नवागाम म्हटल्यावर त्याने आनंदाने रिक्षा उलटी फिरवली.

नवागाममध्ये उतरल्यावर मला वाटलं, आपण परराज्यात आलोच नाही. पाट्या गुजराती, पण ओट्यावर बसलेल्या बायका थेट धुळे-अमळनेरच्या. निम्मा खानदेश इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला आहे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्याशी बोलताना जपून जपून पुस्तकी मराठी.

सुवार्ताच्या घराच्या दारात पोचले आणि थबकले. आतून तिच्या नवऱ्याचा, शांतवनचा, आवाज येत होता. "मीठ कोठे शे?" तो ओरडला. "डबामा!" ती ओरडली. "कोनता डबामा?" मला वाटलं, संसार मोडला. मी परत फिरणार एवढ्यात दोघं हसत हसत बाहेर आले आणि मला मिठी मारून कानात ओरडले, "आत्या, प्रवास बरा झाला ना?"

झालं होतं असं की शांतवन चौदा वर्षं लूमवर आहे. बारा तास त्या खटाखटीत उभं राहिल्यावर माणसाचा आवाज पुन्हा खाली येतच नाही. त्याच्याबरोबर सुवार्ताचाही चढला. आणि गल्लीत सगळे लूमवालेच असल्यामुळे आपण ओरडतोय हे कुणालाच ठाऊक नाही. मी नेहमीच्या आवाजात बोलले की ते माझ्याकडे काळजीने बघत आणि विचारत, "आत्या, बरं नाही वाटत का?"

न्याहारीला लोचो होता. लोचो म्हणजे फसलेला ढोकळा, असं माझं मत पहिल्या घासाला झालं. चौथ्या घासाला मी विचारलं की अजून आहे का.

गुरुवार, लूमच्या वर

यांचं प्रार्थनेचं ठिकाण म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. खाली चोवीस लूम. जिना चढताना पायाला थरथर लागते आणि वर गेल्यावर ती दाताला लागते. व्यासपीठाला गुलाबी साडी, खिडक्यांना जांभळ्या साड्या, टेबलाला जरीची साडी. छपाईत डाग पडलेला माल इथे फुकटच मिळतो म्हणे. पेटीवरसुद्धा मोरपंखी साडी घातली होती, आणि ती माझ्या अंगावरच्या साडीपेक्षा बरी होती.

सरावाला बावीस माणसं जमली. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, निंबाबाबा हे साठीचे, काटक गृहस्थ, अडतीस वर्षं लूमवर. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने हवं तेवढंच येतं. पाळक महिन्यातून एकदा येतात, कारण त्यांच्याकडे अशा चार मंडळ्या आहेत. एरवी सगळा कारभार निंबाबाबांचा. त्यांनी हात वर केला आणि गायन सुरू झालं.

मी आयुष्यात पुष्कळ बेसूर गाणं ऐकलंय. शाळेत होते मी. पण इथे सूर हा मुद्दाच नव्हता. खालच्या लूमच्या वर आपला आवाज पोचला पाहिजे, एवढंच ध्येय. लयही लूमची. लूम खटाखट चालले की गीत धावतं. मी हळू वाजवलं तर ते मला मागे टाकून पुढे गेले आणि शेवटच्या कडव्याला पोचून माझी वाट बघत थांबले.

शिवाय निम्मे लोक रातपाळी करून आलेले. त्यांची एक पद्धत आहे: रातपाळीवाल्याच्या शेजारी दिनपाळीवाला बसतो आणि तो डुलायला लागला की कोपर मारतो. दर पंधरवड्याला पाळी बदलते, मग कोपरही बदलतं. कालच्या माराची परतफेड पुढच्या पंधरवड्यात होत असल्यामुळे कुणी फार जोरात मारत नाही.

मला एक वाईट खोड आहे. वैताग आला की मी पुटपुटते. आवाज बाहेर येत नाही, नुसते ओठ हलतात. शाळेत या खोडीने माझी नोकरी टिकवली. त्या सरावात मी दीड तास पुटपुटत होते. 'देवा, यांना सूर दे, नाहीतर मला निंबाबाबांचा कान दे.' 'हा मोठा मिशीवाला गातोय की बैल हाकतोय?' आणि मग नेहमीप्रमाणे गाडी वळली ती कुसुमकडे. 'कुसुम असती तर धरून ठेवलं असतं. पण तिला आता कीबोर्ड पाहिजे. पहिला हात तिचा. जा म्हणावं पुण्याला.'

समोर बसलेली जनाबाई माझ्याकडे एकटक बघत होती. ती लूमखात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरते. मला वाटलं, माझं वादन आवडलंय तिला.

शुक्रवार, रतनभाऊंच्या घरी

सकाळी सुवार्ता म्हणाली, "आत्या, संध्याकाळी तयार राहा. रतनभाऊंचा रुसवा काढायला जायचंय."

ही यांची चाल मी कुठेच पाहिलेली नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे पाळक येऊन भाकर आणि द्राक्षरस देतात त्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी मंडळीत कोण रुसलंय ते बघायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या घरी जायचं. जाऊन समजूत घालायची नाही, कोण चुकलं ते विचारायचं नाही. नुसतं बसायचं आणि गायचं. रुसलेल्याने चहा ठेवला की रुसवा संपला. चहा ठेवेपर्यंत कुणी उठायचं नाही.

रतनभाऊ म्हणजे कालचे मिशीवाले. नाताळच्या प्रीतिभोजनात त्यांच्या ताटात शेवभाजी आली तेव्हा रस्सा संपला होता, नुसती शेव आली. ते तिथूनच उठले होते. सरावाला मात्र येत होते, कारण त्यांच्या मते गाण्याशी त्यांचं भांडण नव्हतं, वाढणाऱ्याशी होतं.

त्यांची खोली दहा बाय बारा. आम्ही बावीस जण. मी टीव्ही आणि पिंपाच्या मध्ये अडकले. रतनभाऊ पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. निंबाबाबांनी हात वर केला. खाली लूम नव्हते, तरी आवाज तोच. दोन गीतं झाल्यावर शेजारच्या पाटीलबाई दोन खुर्च्या आणि दुधाचं पातेलं घेऊन आल्या. त्या काही ख्रिस्ती नाहीत, त्यांच्या दाराला आंब्याचं तोरण आहे. पण पद्धत त्यांना पाठ होती. "लवकर आटपा हो रतनभाऊ," त्या म्हणाल्या, "मागल्या वर्षी या खुर्च्या मला रात्री नऊ वाजता परत मिळाल्या होत्या."

तासाभराने रतनभाऊंनी वळून बायकोला खूण केली. ओठांनीच काहीतरी म्हटलं. आवाज आला नाही, पण खोलीतले सगळे हसले. मला काही कळेना. चहा आला तेव्हा कळलं: 'साखर घालू नको' असं त्यांनी सांगितलं होतं. बावीस जणांनी तो कडू चहा प्यायला आणि प्रत्येकाने म्हटलं, "वा, भाऊ!" निंबाबाबांनी तर दुसरा कप मागितला. तेव्हा रतनभाऊंना हसू आवरलं नाही. ते उठले, साखरेचा डबा घेऊन प्रत्येकाच्या कपात स्वतः चमचा घालत फिरले आणि जो वाढणारा होता त्याच्या कपात तीन चमचे घातले.

घरी येताना मी सुवार्ताला म्हटलं, "आमच्याकडे असं चालणार नाही. आमच्याकडे पत्र जातं."

"मग माणूस येतो का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, रस्त्याकडे बघून चाल.

शनिवार, पोंक आणि पाहुणे

सकाळी शांतवनने पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपल्याकडे हुरडा खायचा म्हणजे शेतात जायचं, शेकोटीपाशी बसायचं, हात भाजत कणीस चोळायचं, आणि डोळ्यात धूर. इथे तो निवडून, टोपलीत भरून, दुकानात मिळतो. वर तिखट शेव, साखरेचे गोळे, लिंबू. खाताना बरा लागतो, पण कष्ट न करता हुरडा खाताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. शांतवन म्हणाला, "आत्या, आम्ही बारा तास उभे राहतो, एवढं बसून खाऊ द्या."

संध्याकाळी मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. दारात निंबाबाबा आले. त्यांच्या मागे जनाबाई. मागे रतनभाऊ. आणि मागे आख्खी मंडळी. चपलांचा ढीग बघून पाटीलबाई खुर्च्या घेऊन आल्याच आणि एकीवर त्यांनी मला बसवलं.

मी सुवार्ताला विचारलं, "आता कोण रुसलंय ग? शांतवन?"

सुवार्ता जमिनीकडे बघायला लागली. निंबाबाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, कुसुम कोन शे?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी कुसुमचं नाव या गावात उच्चारलं नव्हतं. भाचीलासुद्धा काही सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणाले.

"बाई," जनाबाई म्हणाली, "लूमखातामा कोन्हाले काय आयकू येस? आमनं आयकानं काम डोया करतस. तुम्ही दोन दिन बोली ऱ्हायनात, आम्ही दखी ऱ्हायनूत." आणि तिने, देवा, माझं दोन दिवसांचं पुटपुटणं क्रमाने सांगायला सुरुवात केली. कान दे, ते सांगितलं. निंबाबाबांनी कौतुकाने मान हलवली. मिशीवाला आणि बैल, तेही सांगितलं. रतनभाऊ म्हणाले, "बाई, बैल माले भलते आवडतस, तुम्ही काही मनमा धरू नका." मग कीबोर्ड, पहिला हात, आणि पुण्याला जा म्हणावं, इथपर्यंत सगळं. माझ्याच चेहऱ्यासकट. मला तेव्हा कळलं की शुक्रवारी रतनभाऊंच्या मुक्या बोलण्यावर सगळे का हसले. जमीन दुभंगली तर बरं असं मला वाटलं, पण माझ्या खाली पाटीलबाईंची खुर्ची होती.

"हे बघा," मी उठून म्हटलं, "मी पाहुणी आहे. हे माझं घर नाही. माझा रुसवा तुमच्या मंडळीवर नाही. आणि मी काही चहा ठेवणार नाही."

"नका ठेवू," निंबाबाबा म्हणाले. "आम्हले घाई नही शे." आणि त्यांनी हात वर केला.

त्यांनी चार गीतं म्हटली. मी तांदूळ निवडत राहिले, म्हणजे निवडलेले पुन्हा निवडत राहिले. पाटीलबाई दूध घेऊन उंबऱ्यात उभ्या. चौथ्या गीतानंतर मला रागच आला. मी म्हटलं, "सात महिने! सात महिन्यांत ती दोन गल्ल्या ओलांडून आली नाही. कुणी आलं नाही. मग मी का जायचं?"

 मग निंबाबाबा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. इतके हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"मना भाऊ व्हता, दगडू. एकच खातामा, बाजूबाजूना लूमवर आम्ही दोन्ही. वरीसभर बोलनूत नही. काबर, ते आते याद बी नही. रोज बारा तास पाठले पाठ. मी म्हनू तो वळी, तो म्हने मी वळसू. एक दिन त्याना लूम बंद पडना. लूम बंद व्हयना म्हंजे आमना कान जागा व्हस, म्हनीसन मी वळीसन दखं. दगडू खाले पडेल व्हता. कवय पडना, माले आयकूच उनं नही." त्यांनी उजवा कान चोळला. "तवयपासून मी कोन्ही वळानी वाट नही दखत, बाई. जाईसन बठी जास."

 मला कुसुमचं घर दिसलं, खोकी भरलेलं. मंगळवारचा टेम्पो दिसला. आपण आठ दिवसांचा हिशोब बोटांवर कसा केला होता तेही आठवलं, आणि मला माझी भयंकर लाज वाटली. मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, पाटीलबाईंच्या हातातून दूध घेतलं आणि आत जाऊन चहा ठेवला. रडत ठेवला, त्यामुळे आलं दोनदा पडलं.

सगळ्यांनी प्यायला आणि म्हणाले, "वा, बाई!" रतनभाऊ खोकत म्हणाले, "च्या भलता तिखट शे."

"पण आमचा नियम असा आहे," शांतवन ओरडला, "की ज्याच्यावर रुसलाय त्याच्याकडे सणाच्या आधी जायचं. दान वेदीपाशी ठेवायच्या आधी."

"उद्या सण आहे आणि कुसुम साडेतीनशे किलोमीटरवर," मी म्हटलं.

यावर बराच खल झाला. फोन करावा असं एकाचं मत पडलं. ते निंबाबाबांनी फेटाळलं, कारण फोनवर चहा ठेवता येत नाही. शेवटी असं ठरलं की उद्या सणात मी पेटी वाजवावी, पण माझं दान इथे न ठेवता बरोबर घेऊन जावं आणि कुसुमच्या दारात ठेवावं. सोमवारच्या बसचं तिकीट रतनभाऊ काढून घेऊन आले.

रविवार, कापणी

आमच्याकडे कापणीच्या सणाला ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या येतात. इथे कुणाचं शेत राहिलेलं नाही. वेदीपाशी कापडाचे तागे आले, सुताच्या कांड्या आल्या. एकीने गच्चीवरच्या डब्यातली मिरचीचं रोपटं आणलं होतं, त्याला चारच मिरच्या, आणि तिने त्या चारही तशाच राहू दिल्या होत्या. हे सगळं प्रार्थनेनंतर मंडळीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवतात. जनाबाईने स्वतः भरलेली एक पांढरी कांडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "हाई तुमनं दान. कुसुमबाईले."

पाळक आले होते. प्रवचन चांगलं होतं. रातपाळीवाले झोपले होते, दिनपाळीवाले कोपरं मारत होते, खाली लूम चालू होते. एकाएकी वीज गेली आणि चोवीस लूम बंद पडले. त्याबरोबर झोपलेले सगळे खडबडून जागे झाले आणि एका दमात म्हणाले, "आमेन!" पाळकांचं वाक्य अर्धंच होतं. ते हसले आणि म्हणाले, "बरं, मग गाऊ या."

मी पेटी धरली. तीन सूर मुके होते, पण बाकीचे होते. त्या शांततेत पेटीवर बसून पहिल्यांदाच मला त्यांचे आवाज नीट ऐकू आले. ते अजूनही बेसूरच होते. पण रतनभाऊ खालचा सूर धरत होते, आणि चांगला धरत होते. सरावात तो लूमखाली दबलेला, आणि काल माझ्या रागाखाली. मी पुटपुटले, 'हा तर कुसुमसारखा गातो.' जनाबाईने लगेच ते ओळभर सगळ्यांना कळवलं आणि रतनभाऊंची छाती फुगली. वीज परत येऊ नये असं मला त्या पाच मिनिटांत मनापासून वाटलं.

भरीत, शेवभाजी आणि भाकरीचं जेवण झालं. रतनभाऊंच्या ताटात रस्सा दोनदा वाढला गेला. जेवताना जनाबाईने मला ओठ वाचायचे कसे ते थोडं शिकवलं. मी ढ विद्यार्थिनी निघाले. तासाभरात मला फक्त 'मीठ', 'हो' आणि आपली निंदा एवढंच ओळखता यायला लागलं.

मंगळवार, घरी

सकाळी बसमधून उतरले ती पिशवीसकट थेट कुसुमच्या दारात. टेम्पो उभा होता. दोन माणसं कपाट चढवत होती. कुसुमने दार उघडलं, मला बघितलं, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"चहा," मी म्हटलं, आणि आत जाऊन जमिनीवर बसले. खुर्च्या गेल्या होत्या.

"गॅस काढलाय. भांडी खोक्यात आहेत."

"मला घाई नाही."

ती उभी, मी बसलेली. गाणारे बावीस जण बरोबर नव्हते. माझ्या एकटीच्या आवाजात काही जमेना म्हणून मी खालचा सूर धरला. म्हणजे तिचा. तो मला कधीच येत नव्हता, आणि तेव्हाही आला नाही. दोन ओळी तिने सहन केल्या. "अगं, किती वर चाललीस!" ती कळवळून म्हणाली. मी कांडी तिच्यापुढे ठेवली. हे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, "दान आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला ठेवता येत नव्हतं."

कुसुमने कांडी उचलून कमरेला खोचली. मग वळली आणि खोक्याची चिकटपट्टी दातांनी ओढायला लागली. पहिल्या खोक्यात पडदे निघाले, दुसऱ्यात चपला. तिसऱ्यात पातेलं आणि पावडर. शेजारच्या घरातून तिने शेगडी आणली. साखर कुठल्या खोक्यात गेली ते देवालाच ठाऊक. मुलगा बाहेरून हाका मारत होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि कुसुम माझ्याकडे पाठ करून चहा ढवळत होती.

"मी पहिला हात वर केला," ती पाठमोरीच म्हणाली, "कारण पायाने भाता मारून मारून तुझा गुडघा सुजायचा. दर रविवारी लंगडत घरी जायचीस. तू स्वतः सोडली नसतीस."

 ती किंचित वळली, पातेलं उचललं, आणि तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण मी सुरतेला जाऊन आले होते.

'सात महिने लावले मेलीने.'

"दिसलं मला," मी म्हटलं, आणि कप पुढे केला.